बाई शेवटपर्यंत हाय ना?

पेणला एसटी स्टँडच्या बाजूला जुन्या पुस्तकांचा एक ठेला आहे. आमचा सदूमामा लांबून येताना दिसला की त्या ठेल्याचा मालक खाली वाकतो आणि गठ्ठ्यामागे काहीतरी शोधायला लागतो. शोधायचं काही नसतं. तो लपत असतो.

कारण मामा कॉमिक परत करायला आलेला असतो. पानं फाटलेली नसतात, छपाई पुसट नसते, दोन पानं एकमेकांना चिकटलेलीही नसतात. मामा पुस्तक उघडून ठेल्यावर ठेवतो आणि मधल्या एका चित्रावर बोट टेकवतो. त्या चित्रात कोणीतरी शूर बाई हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असते आणि हिरो आभाळाकडे तोंड करून ओरडत असतो.

"ही मारली," मामा बोलतो.

"काका, गोष्टच तशी आहे."

"मी आंबे घेऊन घरी गेलो आणि कापल्यावर आत किडा निघाला, तर काय बोलशील? आंबाच तसा हाय? दुसरं दे."

आणि मालक मुकाट्याने दुसरं देतो. बिचारा करणार काय, त्याच्या घरच्या गणपतीचे डोळे दरवर्षी मामाच रेखतो. उगाच भांडण झालं आणि बाप्पा तिरळा घरी आला तर काय घ्या.

पुस्तक विकत घेतानाही मामाचा एकच प्रश्न असतो. किंमत विचारत नाही, भाग कितवा ते विचारत नाही. पुस्तक उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, "बाई शेवटपर्यंत हाय ना?"

सदूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. साठी कधीच ओलांडली त्याने. पेणला त्याचा गणपतीचा कारखाना आहे. आता पेणला गणपतीचा कारखाना असणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. तिथे दगड भिरकावला तर तो कोणाच्या तरी कारखान्याच्या पत्र्यावरच पडायचा. पण डोळ्यांची आखणी करावी तर आमच्या मामानेच. मूर्तीला रंग देणारे पुष्कळ भेटतात, डोळे रेखणारे थोडे. ते काम सगळ्यात शेवटी असतं, एका श्वासात करायचं असतं, आणि चुकलं की आधीची सगळी मेहनत वाया जाते. मामाला आखणी करताना कान खाजवायची सवय आहे, तीही हातातल्या ब्रशने. त्यामुळे हंगामात त्याचा उजवा कान कधी काळा असतो, कधी सोनेरी, आणि गौरींचं काम निघालं की गुलाबी. तोच कान घेऊन तो लग्नकार्यालाही जातो. कोणी हसलं तर त्याला वाटतं, आपल्याला बघून लोकांना आनंद झाला.

तर असा हा माणूस पोरासोरांची कॉमिक वाचतो. मुखवटे घातलेले, आभाळात उडणारे, भिंतीतून आरपार जाणारे, सगळे त्याला चालतात. राक्षसाला डोकी किती असावीत याबद्दल त्याची काही तक्रार नाही. फक्त हिरोबरोबर लढणारी बाई मधेच मारलेली त्याला चालत नाही.

"बघ गो मंजू," त्याने मला एकदा समजावलं. मंजू म्हणजे मी. "आपण नवी गाडी घेतली की काय करतो? चाकापुढं नारळ फोडतो. मग गाडी सुटते. ह्या लोकांचं तसंच हाय. ह्यांचा हिरो जागचा हालत नाय. मग लेखक बोलतो, आणा तिला. बाई फोडली की हिरो सुटला. पुढं नुसती मारामारी. नारळाला कोण विचारतं, बाबा, तुला कुठं जायचं होतं?"

तेव्हापासून आमच्या घरात अशा बाईला नारळ म्हणतात.

मामा रोह्याला आमच्याकडे राहायला आला की टीव्हीसमोर बसून नारळ ओळखतो. त्याची पारख पक्की आहे. हिरोची बायको झोपाळ्यावर बसून काही कारण नसताना हसताना दिसली की मामा बोलतो, "गेली." हिरो घरातून निघताना ती म्हणाली, "परत आलात की एक गंमत सांगायचीय," की मामा बोलतो, "ही पण गेली. जाहिरातीच्या आधीच जाईल." हिरोला डबा भरून देणारी, त्याच्या शर्टाचं बटण लावून देणारी, खिडकीत उभी राहून वाट बघणारी, सगळ्या त्याच्या हिशेबाने गेलेल्या असतात आणि खरंच जातात. बाई भांडत असली, पातेली आपटत असली, तर मात्र मामा ऐसपैस मांडी घालतो. "हिला काय होत नाय. हिला कामं हायत."

माझ्या सासूबाई आधी फार वैतागायच्या. सुखाने रडूसुद्धा देत नाही तुझा मामा, असं मला ऐकवायच्या. आता त्यांच्या मालिकेत नवी सून आली की त्या स्वतःच त्याला फोन लावतात आणि विचारतात, "सदूभाऊ, हिच्यात जीव गुंतवू का नको?"

गडब गावातल्या नाटकाची गोष्ट तर पेण तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या हौशी मंडळींनी उत्सवात नाटक बसवलं होतं आणि नटांच्या भुवया काढून द्यायला मामाला नेलं होतं. भुवया काढून झाल्या आणि मामा पहिल्या रांगेत जाऊन बसला. दुसऱ्या अंकात खलनायकाने नायिकेला सुरा मारला. नायक धावत आला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याने शपथ घ्यायला सुरुवात केली. शपथ गावातल्याच मास्तरांनी लिहिलेली, त्यामुळे चांगली लांबलचक होती. मामाने थोडा वेळ कळ काढली. मग तो उभा राहिला.

"अरे, शपथ मागनं घे. आधी तिला दवाखान्यात ने. जिती हाय ती, श्वास चाललाय."

श्वास चाललाच होता. एवढी मोठी शपथ संपेपर्यंत ती तरी किती रोखून धरणार. नायकाचा पार गोंधळ उडाला. पुढचं वाक्य आठवेना, तेव्हा त्याने विंगेकडे पाहून विचारलं, "रिक्षा हाय का कोणाची?" प्रेक्षक हसले, मेलेली नायिकाही उठून हसायला लागली आणि पडदा पाडावा लागला. गडबकरांनी त्यानंतर मामाला बोलावलेलं नाही. मामाला त्याचं काही वाटत नाही. "बाई वाचली ना," एवढंच तो सांगतो.

हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगायचं तर शालूमामीपासून सुरुवात करायला हवी. तशी कारखान्याचीही सुरुवात तिच्यापासूनच होते.

शालूमामी खांब गावची. तिचं लग्न झालं तेव्हा मामा दुसऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन डोळे काढायचा, तेही मनात आलं तर. मनात नसलं की भोगावती नदीच्या पुलावर जाऊन बसायचा. मामीने थोडे दिवस हे पाहिलं आणि घराच्या पडवीत साचे आणून मांडले. आजूबाजूच्या आणि वाड्यांवरच्या बायका हाताशी घेतल्या. माती मळणं, साच्यातून मूर्ती काढणं, ती घासून गुळगुळीत करणं, सगळं त्यांना शिकवलं. ऑर्डर ती घ्यायची, टेम्पोवाल्याशी ती भांडायची, आणि मामाला पुलावरून उठवून आणायलाही तीच जायची.

मी दहावी झाले तेव्हा माझ्या वडिलांचं म्हणणं होतं की मुलीचं एवढं शिक्षण पुरे. मामी रोह्याला आली, आमच्या ओटीवर बसली आणि वडिलांना म्हणाली, "भावोजी, पोरगी माझ्याकडं राहील. कॉलेज माझ्या घरासमोरनं दिसतं. तुम्ही फक्त मधे येऊ नका." वडील मधे आले नाहीत. मी आज जी काही आहे ती त्या एका दुपारमुळे आहे, आणि हे मी मामीला कधी नीट सांगितलं नाही म्हणून इथे सांगून टाकते. तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

दुपारी कारखान्यात घासकाम चालायचं. त्यात हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. मग मामी पाटावर बसून बायकांना कॉमिक वाचून दाखवायची. हिंदीतलं असलं तर वाचता वाचता मराठी करायची. काय एकेक शूर बाया असायच्या त्यात. कोणी आगीतून बाहेर यायची, कोणी कड्यावरून पडून झाडाला लोंबकळायची आणि संध्याकाळपर्यंत घरी यायची. सगळ्यात लाडकी गोष्ट विहिरीची. दुष्ट लोक तिला विहिरीत ढकलतात, आणि ती आपल्या ओढणीचा दोर करून वर येते आणि त्यांची अशी खरडपट्टी काढते की ऐकत राहावं. मामा कोपऱ्यात डोळे रेखत बसलेला असायचा आणि आपलं लक्ष नाही असं दाखवायचा.

मग एका श्रावणात मामीला ताप आला. दवाखान्यात नेली, आणि ती परत आली नाही.

मामाने ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. दाराशी एका स्टुलावर नुसता बसून असायचा. बायका येत होत्या, काम करत होत्या, पण दुपारी कारखान्यात कोणाचा आवाज नसायचा. त्या बायकांमध्ये सगळ्यात जुन्या पार्वतीबाई. त्यांनी एक दिवस विहिरीचं कॉमिक आणून मामाच्या हातात दिलं. "दादा, ब्रश नाय धरत तर हे तरी धरा. वाचा. आमचे हात चालत नायत."

मामा वाचायला लागला. बाईला विहिरीत ढकललं तिथपर्यंत आला, पान उलटलं आणि थांबला. पुढच्या पानावर ती विहिरीच्या तळाशी मरून पडलेली होती आणि काठावर हिरो शपथ घेत होता. ओढणीचा दोर कुठे नव्हता. मामाला वाटलं, मधलं पान पडलं. त्याने पाटाखाली बघितलं, साच्यांमागे बघितलं. मग स्टँडवर जाऊन दुसरी प्रत आणली. तिच्यातही तसंच. आणखी एक आणली. तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या, "दादा, नका शोधू. वहिनी तोंडानं सांगायची ते. तिला कोण मेलेलं आवडायचं नाय."

म्हणजे इतकी वर्षं मामी त्या बायांना वाचता वाचता वाचवत होती. आगीतली, कड्यावरची, विहिरीतली, सगळ्या छापील गोष्टीत केव्हाच गेलेल्या होत्या.

दुसऱ्या कोणी यावरून शालू थापा मारायची असा निष्कर्ष काढला असता. मामाने ठरवलं की शालूचं बरोबर आणि छापणाऱ्याचं चूक. तेव्हापासून तो चुकीचा माल ठेल्यावर परत करतो. दुपारचं वाचन आता त्याच्याकडे आहे, पण मामीसारखं जागच्या जागी रचायला त्याला जमत नाही, तो अडखळतो. म्हणून त्याला मुळातच बाई जगलेली लागते.

आता यात मी कुठे आले ते सांगते. मी रोह्याजवळच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते आणि शिफ्ट सुटली की मुलांसाठी कॉमिक लिहिते. पुण्याचे एक प्रकाशक ते छापतात. हिरोचं नाव वज्रवीर आणि त्याच्या जोडीला विद्युल्लता. दोघंही उडतात. पहिल्या भागाची चित्रं माझ्याकडे तपासायला आली तेव्हा मामा आमच्याकडे होता. त्याने चष्मा सावरून पानं बघितली आणि म्हणाला, "गो, ह्यांना डोळे नायत. शर्टाची बटणं हायत." आणि मी नको नको म्हणेपर्यंत ब्रश काढला.

संपादकांना ते डोळे एवढे आवडले की तेव्हापासून चित्रकार डोळ्यांची जागा रिकामी ठेवून पानं पेणला पाठवतो. वज्रवीराला मामा बरे डोळे काढतो. विद्युल्लतेला मात्र असे काढतो की ती आता पानातून मान बाहेर काढून विचारेल, भाजीत मीठ कोणी टाकलं. ते डोळे कोणाचे हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

यंदा संपादकांचा फोन आला. मालिका थंड पडली आहे, म्हणाले. वज्रवीर नुसता उडतो, पेटत नाही. या भागात विद्युल्लता जाऊ दे, मग बघा तो कसा पेटतो. आणि ते जमत नसेल तर मालिका इथेच थांबवू.

मालिका थांबली असती तर मी पुन्हा नुसती लॅबमधल्या बाटल्या हलवत बसले असते. माझं लिहिणं एवढंच आहे आणि ते मला हवं आहे. मी विद्युल्लतेला मारलं. मामाला त्यातलं काही सांगितलं नाही. चित्रं तयार झाली, मृत्यूच्या पानावर चित्रकाराने पेन्सिलने बारीक अक्षरात "डोळे मिटलेले" असं लिहिलं, आणि पानं पेणला गेली.

पानं पुण्याला पाठवायच्या आदल्या दिवशी मामाने फोनवर फोटो धाडले. वज्रवीराच्या मांडीवर विद्युल्लता पडलेली. वज्रवीर आभाळाकडे बघून टाहो फोडतोय. आणि विद्युल्लता टक्क उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघते आहे, गॅस बंद करून आलास का, असं विचारल्यासारखी.

मी फोन लावला. "मामा, डोळे मिटायचे होते रे."

"हात गेला गो. चुकलं."

"तिथे लिहिलं होतं."

"होतं काय? आमच्या कामात मिटलेला डोळा असतो का कुठं? हाताला ठाऊकच नाय."

ते खरंच आहे. डोळे मिटलेला गणपती पेणमध्ये कोणी बनवत नाही. पण मामा खरं सांगत होता की चलाखी करत होता हे मला फोनवर कळेना. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि तणतणत पेणला निघाले. वाटेतल्या महामार्गाचं काम माझं लग्न झाल्यापासून चालू आहे. खांब, नागोठणे, गडब, प्रत्येक खड्ड्यात मी मामाला सुनवायचं एक वाक्य तयार केलं.

कारखान्यात पोचले तर तिथे एक मुलगी आणि तिचा कॅमेरावाला आलेले. गणपती जवळ आले की असे व्हिडिओ करणारे येतातच. मूर्तींच्या रांगेसमोर उभी राहून ती मुलगी माईकमध्ये बोलत होती. "पत्नीच्या निधनानंतर हा कलाकार खचला नाही, तर पेटून उठला. त्या दुःखातूनच हा कारखाना उभा राहिला."

तिचा तरी काय दोष. पेणमध्ये सगळे असंच सांगतात. शालू गेली आणि सदू पेटला, शालू गेली आणि सदूचं नाव झालं. मीसुद्धा ते इतकी वर्षं ऐकत आले होते.

मामा हातातली मूर्ती खाली ठेवून उठला. "थांब गो बाय. कोण पेटला?"

"तुम्ही, काका."

"मी नाय पेटलो. मी बसलो. त्या तिथं, स्टुलावर. हंगाम आला आणि गेला, मी ब्रश धरला नाय. ह्या पार्वतीबाईला विचार." तो चिडला नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसं शांतपणे सांगत होता. "कारखाना ह्या बायांनी चालवला आणि ह्यांना शिकवलं शालूनं. ती होती तेव्हाच तो उभा होता. ती गेली त्यानं मला काय मिळालं नाय. ती गेली म्हणजे ती नाय, एवढंच झालं. तेवढं एक वाक्य काढ."

"मग काय बोलू काका?"

"बोल, शालूचा कारखाना."

मुलीने ते वाक्य काढलं आणि नवीन बोलली. शहाणी मुलगी. ती दोघं गेल्यावर कारखान्यात पुन्हा घासकामाचा खसखस आवाज सुरू झाला. मी खड्ड्याखड्ड्यात तयार केलेली वाक्यं कुठे गेली मला कळेना. पण वेळ नव्हता, पानं त्याच दिवशी पुण्याला जायची होती. मी खरं ते सांगितलं.

"मामा, ती मेली नाही तर मालिका बंद होणार आहे."

"म्हणजे तुझं लिहिणं बंद?"

"हो."

त्याने चष्मा शर्टाला पुसला आणि म्हणाला, "आण. मिटवतो."

मला वाटलं होतं तो वाद घालेल, नारळ काढेल, मला लेखक म्हणून चार शब्द सुनावेल. त्यातलं काही केलं नाही. विद्युल्लतेचे डोळे त्याने पांढऱ्या रंगाने झाकले. रंग वाळू दिला. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि पानावर वाकला. बायकांचे हात थांबले. ब्रश पानाच्या वर, टेकला नाही. त्याने कान खाजवला. पुन्हा वाकला. पुन्हा सरळ बसला.

"मंजू," तो म्हणाला, "मी डोळे एकदाच मिटलेत गो. दवाखान्यात. तुझ्या मामीचे, ह्या हातानं." ब्रश अजून त्याच्या हातातच होता. "करतो मी. तुझं काम हाय, करणार. फक्त जरा वेळ दे."

मी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. "नको मामा. उघड तिचे डोळे."

"आणि तुझं?"

"माझं मी बघते. तू उघड."

त्याने ते एका श्वासात काढले. आधीच्यापेक्षाही जास्त वैतागलेले.

मी तिथूनच संपादकांना फोन लावला आणि सांगितलं की विद्युल्लता मरत नाही, बेशुद्ध पडली होती, जागी झाली. ते म्हणाले, अहो, मग वज्रवीर पेटणार कशावर? मी म्हटलं, त्याला पेटायची काही गरज नाही, ती उठली की दोघं मिळून कामाला लागतील. मग ते म्हणाले, पाठवा, छापतो, पण पुढचा भाग चालला नाही तर मात्र शेवटचा. एक भाग तर एक भाग. मी त्यांचेही आभार मानले, आणि ते अगदी मनापासून होते.

पार्वतीबाईंनी चहा केला. मामा पान हातात धरून बसला होता.

"मग आता पुढं काय करते ती?" त्याने विचारलं.

वज्रवीराला काय हवं ते मला पाठ होतं. तिला काय हवं असेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. "ठरवलं नाही," मी म्हटलं. "तू सांग."

मामाने चहा संपवला. कप बाजूला ठेवला. "स्कूटर शिकू दे तिला."

"मामा, तिला उडता येतं."

"येत असेल. तरी स्कूटर शिकायचं मनात असतं एखादीच्या." तो समोरच्या मूर्तींकडे बघत होता, त्यांचे डोळे अजून काढायचे होते. "शालूच्या होतं. दर वर्षी बोलायची, मला शिकवा, मी एकटी गडबपर्यंत जाऊन येते. मी बोलायचो, हंगाम संपू दे. आपल्याकडं हंगाम संपतो कुठं गो. एक झाला की दुसरा लागतो."

पार्वतीबाई कप उचलून आत गेल्या. मी मामाच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हटलं की पुढच्या भागाची सुरुवात इथूनच करते. पहिल्याच पानावर विद्युल्लता पेणहून स्कूटर घेऊन निघते, एकटी, गडबच्या रस्त्याला.

"येत नसताना?"

"शिकत शिकत. एकदोनदा पडेल. शिकताना सगळेच पडतात."

मामाने कान खाजवला.

"पडू दे," तो म्हणाला. "पण लागू देऊ नको गो तिला."